मूळ विचारणारा कायदा

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. नदीचें व ऋषीचें ठीक आहे. परंतु बाजारानेंही ही म्हण आपल्या सोयीकरितां केव्हांच उचलली असून, मांडलेल्या मालाचें मूळ विचारणारें गिऱ्हाईक दुकानदाराच्या दृष्टीनें नेहमींच थोडेंसें अरसिक ठरत आलें आहे. भाव विचारावा, रंग पाहावा, फार तर घासाघीस करावी. माल कोठून आला, कोणाच्या हातून आला, वाटेंत त्याचें काय झालें, ही चौकशी सभ्य गिऱ्हाइकाची नव्हे. माल जेव्हां पितळेचा तांब्या असतो, तेव्हां ह्या मौनानें फारसें बिघडत नसेल. पण माल जिवंत असला म्हणजे?

हा प्रश्न मला सुचला तो ग्रंथांतून नव्हे. बऱ्याच वर्षांपूर्वीं कन्येच्या हट्टामुळें आम्ही शहरांतील एका दुकानांतून कुत्र्याचें एक पिल्लूं विकत आणलें. तें पग जातीचें होतें. 2003 सालीं एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातींत झळकलेल्या कुत्र्यानें ही चपट्या नाकाची जात मध्यमवर्गीयांच्या घरोघर नेली होती, आणि प्राध्यापकाचें घर त्याला अपवाद नव्हतें. पांचव्या दिवशीं पिल्लानें खाणें सोडलें. सातव्या दिवशीं रक्ताचे जुलाब सुरू झाले. पशुवैद्यांनीं पार्व्हो ह्या विषाणूचें निदान केलें, सलाइन लावलें, आणि कागदावर लिहितां लिहितां विचारलें, "कोठून आणलें? वय किती? आई कोठें आहे?" तिन्ही प्रश्नांना आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दुकानदारास फोन केला तेव्हां तो म्हणाला, "सर, एजंट आणून देतो. माल कुठला, तें आम्हीही विचारत नाहीं." दहाव्या दिवशीं पिल्लूं गेलें. दांतांवरून पाहतां तें आणलें तेव्हां सहा आठवड्यांचेंही नसावें, असें पशुवैद्य नंतर म्हणाले.

इतिहास शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसास अनुत्तरित राहिलेला प्रश्न स्वस्थ बसूं देत नाहीं. पशुवैद्यांच्या त्या तीन प्रश्नांचा माग काढीत मी जेथें जाऊन पोहोंचलों, तें ठिकाण थोडें अनपेक्षित होतें: अमेरिकेंतील नगरपालिकांचे पोटनियम. गेल्या वीस वर्षांत त्या देशांतील शेंकडों गांवांनीं व शहरांनीं, दुकानांत विकावयाचीं कुत्रीं आणि मांजरें कोठून आणावीं व कोठून आणूं नयेत, हें कायद्यानें ठरवून टाकलें आहे. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या पोटांत राज्यघटनेपासून खोट्या धर्मादाय संस्थांपर्यंत इतक्या गोष्टी भरलेल्या आहेत, कीं त्याची हकीकत वाचकांस सांगण्यासारखी वाटली.

1953 सालच्या आरंभीं अमेरिकेंत पॅटी पेज ह्या गायिकेचें एक गाणें सर्वत्र गाजत होतें. दुकानाच्या खिडकींत बसलेल्या कुत्र्याची किंमत काय, एवढाच त्याचा विषय. प्रश्न निरागस आहे. पण लक्षांत घेण्यासारखें हें, कीं त्यांत किंमत विचारली आहे, मूळ विचारलेलें नाहीं. 2009 सालीं ऐंशी ओलांडलेल्या ह्याच बाईंनीं त्याच चालीवर नवे शब्द घालून तें पुन्हां म्हटलें. आतां तें कुत्रें दुकानाच्या खिडकींत नव्हतें. बेवारशी जनावरांच्या आश्रयगृहांत होतें. दोन्ही गाण्यांच्या मध्यें 56 वर्षें गेलीं. त्या अवधींत काय घडलें, हीच ही हकीकत.

दुसरें महायुद्ध संपलें, सैनिक घरीं परतले, शहरांच्या सभोंवतीं बंगल्यांचीं उपनगरें पसरलीं, आणि अंगणांतलें कुत्रें हें सुखी कुटुंबाचें एक लक्षण होऊन बसलें. कुत्रेंही साधें चालेना. वंशावळीचा कागद असलेलें हवें. ही मागणी पुरविणारा धंदा दूर मध्यपश्चिमेकडे, मिसुरी, कॅन्सास, आयोवा, नेब्रास्का अशा शेतीप्रधान राज्यांत उभा राहिला. ज्या खुराड्यांत पूर्वीं कोंबड्या होत्या त्यांत आतां कुत्र्या आल्या. शेतकऱ्याच्या हिशेबीं ह्यांत विपरीत कांहीं नव्हतें. कोंबडी अंडें देते, कुत्री पिल्लें देते. दोघींनाही पिंजरा लागतो व दाणापाणी लागतें. मादी माजावर आली कीं नर दाखवावयाचा, आणि तिचें वय झालें कीं तिचा उपयोग संपला. अशा जागेस इंग्रजींत पिल्लांची गिरणी ह्या अर्थाचें नांव पडलें, आणि तें सार्थ आहे; कारण गिरणीप्रमाणेंच येथेंही यंत्र थांबूं द्यावयाचें नसतें. पैदास करणाऱ्याकडून दलाल पिल्लें घेई, दलालाच्या मोटारी तीं शेंकडों मैल दूरच्या शहरांत पोहोंचवीत, आणि तेथें तीं कांचेच्या खिडकींत, कातरलेल्या कागदाच्या गादीवर, गिऱ्हाइकाची वाट पाहत बसत. सोबत वंशावळीचा कागद असेच. परंतु त्या कागदावर आईचें नांव असतें. ती कोणत्या पिंजऱ्यांत किती वर्षें उभी आहे, हें नसतें.

मध्यवर्ती सरकारचें लक्ष कुत्र्यांच्या व्यापाराकडे वेधलें तें मात्र निराळ्याच कारणानें. 1965 च्या जून महिन्यांत पेनसिल्व्हेनिया राज्यांतील एका कुटुंबाची पेपर नांवाची डाल्मेशियन जातीची कुत्री नाहींशी झाली. घरच्यांनीं तिचा माग काढला, तो दलालांच्या हातांतून फिरत न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयापर्यंत गेला. तेथें शस्त्रक्रियेच्या प्रयोगांत ती मेलेली होती. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जोसेफ रेझ्निक ह्यांनीं तत्काळ विधेयक आणलें. पुढें फेब्रुवारी 1966 मध्यें 'लाइफ' साप्ताहिकानें कुत्र्यांच्या एका व्यापाऱ्याच्या आवारांतील छायाचित्रें छापलीं, तेव्हां सर्व देश हळहळला. आणि 24 ऑगस्ट 1966 रोजीं अध्यक्ष जॉन्सन ह्यांनीं प्रयोगशाळेंतील प्राण्यांविषयींच्या कायद्यावर सही केली. ह्या क्षोभाच्या मुळाशीं भूतदया होती तितकीच भीतिही होती. उद्यां आपलेंच कुत्रें चोरीस जाईल, ही ती भीति. गिरणींतल्या कुत्रीस चोरून न्यावें असें कोणासच वाटत नव्हतें, म्हणून तिच्याविषयीं भीति नव्हती, आणि पहिल्या कायद्यांत तिला जागाही नव्हती.

ती जागा 1970 च्या दुरुस्तीनें मिळाली. पाळीव प्राण्यांची घाऊक विक्री करणारे आतां परवान्याच्या कक्षेंत आले; किरकोळ दुकानें मात्र बाहेर राहिलीं. कायद्याखालीं जे नियम झाले त्यांतील एक गणित वाचकांस मुद्दाम सांगतों. कुत्र्याची लांबी नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत इंचांत मोजावी, तींत 6 मिळवावे, बेरजेचा वर्ग करावा, आणि त्यास 144 नीं भागावें. जें येईल तितके चौरस फूट जागा त्यास पुरे. उंची डोक्याच्या वर 6 इंच. म्हणजे 24 इंच लांबीच्या कुत्रीस सव्वासहा चौरस फूट, अर्थात् अडीच फूट लांब व अडीच फूट रुंद असा पिंजरा मिळतो. 1985 सालच्या दुरुस्तीनें कुत्र्यांना व्यायाम मिळावा असें ठरलें खरें. पण एकट्या कुत्र्याला ह्या हिशेबाच्या दुप्पट जागा दिली, तर निराळ्या व्यायामाची गरज नाहीं, अशी सवलत नियमांत आहे. गणित अचूक आहे, त्यांत चूक काढतां येत नाहीं. अडीच फुटांच्या चौकोनांत उभें आयुष्य काढणें कायदेशीर आहे, इतकेंच त्यांतून सिद्ध होतें.

शिवाय नियम आहेत म्हणून तपासणी होतेच असें नाहीं. मे 2010 मध्यें अमेरिकेच्या कृषिखात्याच्याच महानिरीक्षकांनीं एक अहवाल प्रसिद्ध करून, वारंवार नियम मोडणाऱ्या कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांशीं आपलें खातें फार सौम्यपणें वागतें, असें स्वच्छ लिहिलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मिसुरींतील मतदारांनीं सार्वमतानें एक कायदा संमत केला. एका मालकानें पैदाशीकरितां 50 हून अधिक कुत्रे बाळगूं नयेत, ही त्यांतील मुख्य मेख. बहुमत थोडें होतें, पण होतें. पुढच्या सहा महिन्यांच्या आंत राज्याच्या विधिमंडळानें तो कायदा दुरुस्त केला, आणि पन्नासांची मर्यादा काढून टाकली. ज्या राज्यांत हा धंदा शेतीचा भाग मानला जातो, तेथें शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींकडून दुसरें काय अपेक्षावें? त्यांस दोष देणें सोपें आहे; पण ते आपल्या मतदारसंघाशीं प्रामाणिकच होते.

एकूण, उगमाशीं बांध घालण्याचे दोन्ही मार्ग, मध्यवर्ती व प्रांतिक, असे अडले. मग प्रवाहाच्या दुसऱ्या टोंकास, जेथें तो नळांतून बाहेर येतो तेथें, कोणी हात धरील काय? हें काम नगरपालिकांनीं अंगावर घेतलें, आणि ह्या इतिहासांतील खरी नवलाची गोष्ट हीच. नगरपालिका म्हणजे कचरा, गटारें, दिवाबत्ती. तिच्या हद्दीबाहेर तिचा शब्द चालत नाहीं. पण हद्दीच्या आंत कोणत्या दुकानांत काय विकावें, हें सांगण्याचा तिचा अधिकार जुना आहे. शिवाय तिला स्वतःचें एक दुखणेंही होतें. एकीकडे दुकानांत दूरदेशचीं पिल्लें येत होतीं, आणि दुसरीकडे हौस फिटल्यावर सोडून दिलेलीं कुत्रीं-मांजरें तिच्याच कोंडवाड्यांत भरत होतीं. त्यांस पोसण्याचा आणि कोणी न नेल्यास मारण्याचा खर्च करदात्यांच्या पैशांतून होत होता. आपण एका दारानें जनावरें मारावयाचीं व दुसऱ्या दारानें नवीं येऊं द्यावयाचीं, हा व्यवहार केवळ हिशेबाच्या दृष्टीनेंही विचित्रच होता.

2006 सालीं न्यू मेक्सिको राज्यांतील अल्बुकर्की शहरानें दुकानांतून कुत्रीं-मांजरें विकण्यास बंदी केली. 2009 मध्यें कॅलिफोर्नियांतील साउथ लेक टाहो ह्या लहानशा गांवानें तिचें अनुकरण केलें, 2010 मध्यें वेस्ट हॉलिवुडनें. तोंपर्यंत हा छांदिष्टांचा खेळ म्हणून कोणी हंसलेंही असेल. पण 2012 च्या ऑक्टोबरांत लॉस एंजेलिसनें तसाच ठराव केला, आणि हंसणें थांबलें. ह्या दुसऱ्या पिढीच्या ठरावांची रचना पाहण्यासारखी आहे. 'विकूं नका' असें ते म्हणत नाहींत. 'विका, पण सरकारी कोंडवाड्यांतून, भूतदयेच्या संस्थांकडून किंवा अनाथ जनावरें वांचविणाऱ्या मंडळींकडूनच घेतलेलें विका', असें म्हणतात. दुकान चालूं राहतें, खिडकी राहते, खिडकींतील पिल्लूंही राहतें. बदलतो तो फक्त त्याच्या मागचा रस्ता. मार्च 2014 मध्यें शिकागोनें, तेथील नगरलेखिका सुझाना मेंडोझा ह्यांच्या पुढाकारानें, हाच नमुना स्वीकारला. न्यूयॉर्क शहरानें निराळी, मवाळ वाट धरली: पैदास करणाऱ्याकडून खुशाल घ्या, पण मध्यवर्ती परवाना असलेल्या व थेट स्वतः पैदास करणाऱ्याकडून, दलाल नको.

मग अर्थातच न्यायालयें आलीं. शिकागोंतील दोन दुकानें व मिसुरींतील एक पैदास करणारा ह्यांनीं मिळून दावा लावला. त्यांचें म्हणणें दुहेरी होतें. पहिलें, इलिनॉय राज्याच्या घटनेनें नगरपालिकेस दिलेल्या स्वशासनाच्या अधिकारांत हें बसत नाहीं, कारण प्रश्न शिकागोचा नसून दूरच्या राज्यांतील गोठ्यांचा आहे. दुसरें, राज्याराज्यांतील व्यापारावर अधिकार फक्त काँग्रेसचा; एका शहरानें मिसुरीच्या मालाला दार बंद करणें म्हणजे संघराज्याच्या मुळावर घाव. ह्या दुसऱ्या आक्षेपासाठीं जो मुख्य कसोटीचा निवाडा वापरतात, तो 1970 सालचा असून कलिंगडाच्या जातभाईचा, म्हणजे खरबुजांचा आहे: ॲरिझोनांत पिकलेलीं खरबुजें ॲरिझोनांतच पेटींत भरावीं, असा हट्ट त्या राज्यानें धरला होता, आणि सर्वोच्च न्यायालयानें तो मोडला. कुत्र्याच्या पिल्लांचें भवितव्य खरबुजांच्या पेटींत सांपडावें, ही कायद्याच्या इतिहासांतील गंमत होय.

सप्टेंबर 2017 मध्यें सातव्या विभागाच्या अपील न्यायालयानें शिकागोचा पोटनियम उचलून धरला. न्यायाधीश डायन साइक्स ह्यांच्या निकालाचा गाभा सरळ आहे. हा नियम मिसुरीच्या पैदास करणाऱ्यास दार बंद करतो तसेंच इलिनॉयच्या पैदास करणाऱ्यासही करतो. घरच्यास झुकतें माप नाहीं, तर परक्यावर अन्याय तो कसला? एका न्यायाधीशांनीं अंशतः भिन्न मत दिलें. पुरावा न घेतां दावा काढून टाकणें त्यांस पसंत नव्हतें, आणि मला त्यांच्या म्हणण्यांत तथ्य दिसतें. न्यूयॉर्कचा नियमही त्याच वर्षीं तेथील अपील न्यायालयांत टिकला. पुढें 2023 च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंच कॅलिफोर्नियाचा डुकरांविषयींचा कायदा कायम केला. अंग वळवितां येणार नाहीं अशा खुराड्यांत ठेवलेल्या डुकरिणीच्या पिल्लाचें मांस राज्यांत विकूं नये, मग तें कोणत्याही राज्यांतून येवो, असा तो कायदा आहे. आपल्या बाजारांत काय खपावें हें तेथील लोकांनीं ठरवावें, ह्या तत्त्वास त्यामुळें बळकटी आली.

न्यायालयांत हरलेला पक्ष विधिमंडळांत गेला. ॲरिझोनांत फीनिक्स शहराचा पोटनियम खालच्या न्यायालयांत टिकला होता. 2016 मध्यें राज्यानें कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. ओहायोंत त्याच वर्षाच्या डिसेंबरांत झालें तें अधिक मनोरंजक आहे. शहरांना पिल्लांच्या दुकानांविषयीं नियम करण्यास मनाई करणाऱ्या विधेयकाच्या पाठीवर शेवटच्या दिवसांत किमान वेतनाचा प्रश्न चढला, कोंबड्यांच्या झुंजी चढल्या, दूरसंचाराचे खांबही चढले. शहरांनीं स्वतंत्र किमान वेतन ठरवूं नये, ही तरतूद कुत्र्याच्या पिल्लांच्या कायद्यांत सांपडावी! एका विधेयकांत एकच विषय असावा, असा त्या राज्याच्या घटनेचा दंडक आहे. त्याच्या आधारें दूरसंचाराचा भाग पुढें न्यायालयानें उडविला. पण ह्या गर्दीवरून एक गोष्ट कळते. लहान गांवानें आपल्यापुरता ठराव करणें ही गोष्ट वरच्यांना नुसत्या पिल्लांपुरती खुपत नव्हती.

आतां पळवाटांची कथा. अनाथ जनावरें वांचविणाऱ्या संस्थेकडूनच पिल्लूं घ्या, असें कायद्यानें म्हणतांच अशा संस्था उगवूं लागल्या. कॅलिफोर्नियांत तीसांवर गांवांनीं व परगण्यांनीं असे नियम केल्यावर राज्यानें 2017 मध्यें सर्व राज्यासाठीं कायदा केला; तो 1 जानेवारी 2019 पासून लागू झाला, आणि असा राज्यव्यापी कायदा करणारें तें पहिलें राज्य ठरलें. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें आयोवाच्या महाधिवक्त्यानें आपल्या राज्यांतील कांहीं संस्थांवर दावा लावला. नांवानें त्या अनाथ कुत्र्यांचा उद्धार करणाऱ्या धर्मादाय संस्था होत्या. आरोप असा, कीं गिरण्यांतील जातिवंत पिल्लें कागदोपत्रीं 'वांचवून' त्या कॅलिफोर्निया, शिकागो अशा ठिकाणच्या दुकानांना हजारों डॉलरांच्या मोलानें पुरवीत होत्या. आठ आठवड्यांचें धष्टपुष्ट, जातिवंत पिल्लूं कोणत्या संकटांतून वांचलें होतें, हें विचारण्याचें कारण नाहीं. सोवळें नेसलें कीं मासळी चालते, हा प्रकार आपल्यालाही नवा नाहीं. ह्यावर कॅलिफोर्नियानें 2020 मध्यें दुसरा कायदा करून दुकानांतील विक्रीच बंद केली. आश्रयगृहांनीं हवें तर दुकानाची जागा वापरून जनावरें दत्तक द्यावींत, पण दुकानानें त्यावर पैसा मिळवूं नये, आणि एकूण शुल्क 500 डॉलरांच्या वर जाऊं नये. शिकागोनेंही 2021 मध्यें आपलें भोंक बुजविलें. न्यूयॉर्क राज्यानें डिसेंबर 2022 मध्यें संमत केलेला बंदीचा कायदा 15 डिसेंबर 2024 पासून अमलांत आला.

दुसरी पळवाट मोठी आहे, आणि ती पोटनियमानें बुजत नाहीं. दुकान गेलें तरी इंटरनेट आहे. तेथें कांचेची खिडकी लागत नाहीं. हिरवळीवर बसलेल्या पिल्लाचें चित्र पुरतें. 2013 मध्यें मध्यवर्ती सरकारनें व्याख्या बदलून, गिऱ्हाइकानें जनावर प्रत्यक्ष न पाहतां विकणाऱ्यांनाही परवान्याखालीं आणलें. चार किंवा त्याहून कमी माद्या असणाऱ्या घरगुती पैदास करणाऱ्यांना सूट ठेवली. पण परवाना म्हणजे पुन्हां तेंच वर्गाचें गणित आणि तोच तपासणीस.

तेव्हां दुकानदारांचा आक्षेप विचारांत घेतलाच पाहिजे. ते म्हणतात, आम्ही रस्त्यावर उघड बसलों होतों. आमच्यावर नगरपालिकेची नजर होती, गिऱ्हाईक येऊन भांडूं शकत होतें. आम्हांस उठवून तुम्ही धंदा अंधारांत ढकलला. शिवाय आपल्या कुत्र्या मुलींप्रमाणें सांभाळणारा पैदास करणारा आणि गिरणीवाला ह्यांना तुम्ही एकाच मापानें मोजलें. ह्यांतील दुसरा मुद्दा मला अर्धाच खरा वाटतो, कारण आपल्या कुत्र्यांवर जीव असलेला माणूस सहसा दलालामार्फत अनोळखी दुकानास पिल्लें देतच नाहीं. तो घेणाऱ्याचें घर पाहून देतो. पहिला मुद्दा मात्र खरा आहे, आणि ह्या कायद्यांचे पुरस्कर्ते त्याला सहसा भिडत नाहींत. तरीही ह्या पोटनियमांना निष्फळ म्हणण्यास मी तयार नाहीं. क्रूरता नाहींशी करणें हें त्यांच्या आवांक्यांतलें कामच नव्हतें. आमच्या गांवच्या बाजारपेठेंत ती खपणार नाहीं, इतकेंच ते म्हणत होते. ही भाषा आपल्याला अपरिचित नाहीं. 1905 सालीं वंगभंगाच्या चळवळींत पुण्यास विलायती कापडाची होळी झाली, तेव्हां आपल्या आज्या-पणज्यांनीं दुकानांत जाऊन हाच प्रश्न विचारला होता: धोतर कोठलें? त्यांना मँचेस्टरच्या गिरण्या बंद करतां येत नव्हत्या. आपलें दार बंद करतां येत होतें. भेद एवढाच, कीं तो ज्याचा त्यानें घेतलेला नियम होता आणि हा सर्वांवर लादलेला कायदा आहे. हा भेद लहान नव्हे. पण मादीला तक्रार नोंदवितां येत नाहीं, आणि गिऱ्हाईक पिल्लाच्या डोळ्यांकडे पाहत असतें. अशा व्यवहारांत कोणी तिसऱ्यानें मूळ विचारलें नाहीं तर तें कोण विचारणार?

इंग्लंडनें काढलेलें उत्तर मला अधिक मार्मिक वाटतें. वेल्समधील एका पिल्लांच्या गिरणींतून 2013 मध्यें सोडविलेली लूसी नांवाची एक स्पॅनिएल कुत्री 2016 मध्यें मेली. तिच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा 6 एप्रिल 2020 पासून इंग्लंडांत लागू आहे. सहा महिन्यांच्या आंतील पिल्लूं, कुत्र्याचें असो वा मांजराचें, मधल्या व्यापाऱ्यानें विकावयाचेंच नाहीं. हवें असेल त्यानें थेट पैदास करणाऱ्याकडे जावें किंवा आश्रयगृहांत. आणि कुत्र्यांची पैदास करणाऱ्या परवानेदारानें पिल्लूं त्याच्या आईसमवेत दाखवावें, असा नियम त्या आधींच, 2018 मध्यें, झाला होता. आमच्या पशुवैद्यांचा तिसरा प्रश्न, 'आई कोठें आहे?', तेथें कायद्यांत जाऊन बसला आहे.

आपल्याकडे बंदी नाहीं, नोंदणी आहे. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालीं 2017 मध्यें कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम झाले, 2018 मध्यें पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे. राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, वह्या ठेवाव्या, आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं विकूं नये, असें त्यांत आहे. आमचें पिल्लूं ह्या नियमांच्या आधींचें. नंतरचें असतें तर त्याचें दुकानांत असणेंच बेकायदेशीर ठरतें.

गेल्या वर्षीं त्या दुकानावरून जाण्याचा योग आला. पाटी तीच होती. आंत मत्स्यपेट्या होत्या, पोपटांचे दाणे होते, कुत्र्यांचे पट्टे व बिस्किटें होतीं. पिल्लूं एकही नव्हतें. मी सहज विचारलें, तर मालकाचा मुलगा म्हणाला, "आतां आम्ही ठेवत नाहीं, काका, कागदपत्रांची कटकट फार. कुठली जात हवी तें सांगा. मी तुम्हांला एक नंबर देतों, तो फोटो पाठवील, आणि पिल्लूं घरपोंच मिळेल." मी त्यास विचारलें, तीं कोठून येतात. तो हंसला, आणि बिस्किटांच्या पुड्याची किंमत सांगूं लागला.